कंडरांचं दुखणं येतं कुठून?

कंडरेच्या दुखण्याने कुणी दगावत नाही. बहुधा त्यामुळेच या आजाराकडे डॉक्टर, कामावर ठेवणारे मालक आणि घरची माणसं यांच्यापैकी कुणीच फारसं गांभीर्याने पाहत नाही. कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाडावर ठणकतं, कपडे पिळता येत नाहीत, भरलेला तांब्या उचलताना हातातून सुटेल असं वाटतं. सकाळी अंथरुणातून उठल्यावर टाचेमागची शीर आखडलेली असते आणि चार पावलं टाकल्यावर सैल होते. खांदा रात्री त्या कुशीवर झोपू देत नाही. मग पाच दिवसांच्या गोळ्या, मलम, पट्टा, ‘आराम करा’ हा सल्ला, आणि तरीही राहिलं नाही तर इंजेक्शन. या सगळ्या उपचाराच्या मुळाशी एक समजूत आहे: जागा सुजली आहे, सूज उतरली की दुखणं जाईल. गेल्या पन्नासेक वर्षांच्या संशोधनाने ही समजूत बरीच मोडीत काढली आहे. दवाखान्यातली चिठ्ठी मात्र अजून तिच्याच आधारावर लिहिली जाते.

कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा. रिपोर्टांत तिला टेंडन म्हणतात. तिची रचना काथ्याच्या दोरासारखी असते. कोलॅजेन या प्रथिनाचे अतिसूक्ष्म तंतू, तंतूंचे पीळ, पिळांच्या जुड्या आणि जुड्यांची मिळून एक कंडरा. ओल्या कंडरेत निम्म्याहून अधिक पाणी असतं, आणि उरलेल्या कोरड्या वजनात सर्वांत मोठा वाटा कोलॅजेनचा. तंतूंच्या रांगांमध्ये चिमटून बसलेल्या थोड्याशा पेशी या सगळ्याची देखभाल करतात. स्नायूच्या मानाने तिथला रक्तपुरवठा तुटपुंजा असतो आणि प्राणवायूचा खपही कितीतरी कमी. त्यामुळेच कंडरा बराच वेळ ताण सहन करू शकते. पण दुखापत झाली, तर ती भरून यायलाही तितकाच वेळ लागतो.

हा ताण साधासुधा नसतो. फिनलंडच्या पावो कोमी यांनी धावणाऱ्या माणसाच्या टाचेमागच्या अ‍ॅकिलिस कंडरेवर मोजमापाचं उपकरण बसवून पाहिलं. वेगाने धावताना तिच्यावर सुमारे ९,००० न्यूटन, म्हणजे शरीराच्या वजनाच्या बारा पटींच्या आसपास जोर आला होता. बोटाएवढ्या रुंदीचा हा पट्टा प्रत्येक पावलाला एवढं ओझं घेतो, ताणला जातो, ऊर्जा साठवतो आणि परत देतो.

ती किती सावकाश नवी होते, याचं उत्तर एका वेगळ्याच वाटेने मिळालं. १९५५ ते १९६३ या काळातल्या अणुचाचण्यांमुळे हवेतल्या कार्बन-१४चं प्रमाण जवळजवळ दुपटीला गेलं आणि नंतर वर्षागणिक उतरत गेलं. शरीराचा जो भाग ज्या वर्षी घडतो, त्यात त्या वर्षीच्या हवेची खूण राहते. कोपनहेगनच्या काटिया हाइनेमायर, मायकेल केअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत व्यक्तींच्या अ‍ॅकिलिस कंडरांमध्ये ही खूण शोधली. २०१३ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा: कंडरेचा गाभा साधारण वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि त्यानंतर जवळजवळ बदलत नाही. त्याच माणसांच्या स्नायूंमध्ये मात्र नव्याने घडण सतत चालू असल्याचं दिसलं. म्हणजे पन्नाशीतला माणूस सिंहगड चढतो तो बव्हंशी शाळेच्या वयात घडलेल्या कंडरेवर. २०१८ मध्ये याच गटाने दुखऱ्या कंडरा तपासल्या. त्यांच्यात मात्र कोलॅजेनची उलाढाल बरीच वाढलेली होती आणि ती दुखणं सुरू होण्याच्या कित्येक वर्षं आधीपासूनची असावी, किंवा अशा कंडरांना मुळातच धोका जास्त असावा, असं दिसलं. दुसरी शक्यता खरी ठरली तरी एवढं नक्की, की पहिली कळ हा या आजाराचा आरंभ नव्हे.

सुजेच्या समजुतीला पहिला जोराचा धक्का शस्त्रक्रियेच्या टेबलावर बसला. निरोगी कंडरा पांढरीशुभ्र, तुकतुकीत आणि बोटाला टणक लागते. जुनाट दुखण्यात तीच राखाडी, मळकट आणि चिमट्याने धरली तर भुसभुशीत निघते. इटलीत पुद्दू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली अ‍ॅकिलिस कंडरेबद्दल, आणि अमेरिकेत नर्शल आणि पेट्रोन यांनी १९७९ साली टेनिस एल्बोबद्दल, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्याबद्दल, जे लिहिलं, त्याचं सार एकच होतं. सूक्ष्मदर्शकाखाली दाहाच्या पेशी जवळपास सापडत नाहीत. सापडतात ते विस्कटलेले तंतू, फुगून गोल झालेल्या पेशी, पाणी धरून ठेवणारे रेणू, आणि जिथे नसायला हव्यात तिथे घुसलेल्या कच्च्या रक्तवाहिन्या. १९९१ साली कानुस आणि योझा यांनी आपोआप तुटलेल्या ८९१ कंडरांची तपासणी मांडली. त्यांतल्या ९७ टक्के कंडरांमध्ये आधीपासूनची झीज होती. त्याहून बोलका आकडा तुलनेसाठी घेतलेल्या, कधीही न तुटलेल्या कंडरांचा. त्यांतल्याही जवळपास एक तृतीयांश आतून झिजलेल्याच होत्या.

मग झीज होते तरी कशी? व्यायाम किंवा कष्टाचं काम झालं की कंडरेत दोन गोष्टी एकदम सुरू होतात: जुनं कोलॅजेन मोडणं आणि नवं बांधणं. पहिला दिवस-दीड दिवस मोडण्याचं पारडं जड असतं, त्यानंतर बांधणी पुढे जाते आणि ती साधारण तीन दिवसांपर्यंत चालते. मधला वेळ मिळाला तर कंडरा पहिल्यापेक्षा बळकट होते. तो मिळण्याआधीच पुन्हा तेवढंच ओझं पडलं, आणि असं आठवडेच्या आठवडे चाललं, तर बांधणी मागे पडत जाते. काम स्वतःत वाईट नसतं. वाईट असतात ते अचानक वाढलेलं काम आणि न मिळालेली उसंत.

ऑस्ट्रेलियाच्या जिल कुक आणि क्रेग पर्डम यांनी २००९ मध्ये या प्रवासाचे तीन टप्पे मांडले. अचानक ओझं वाढलं की कंडरा आधी फुगते. पेशी जाग्या होतात, पाणी धरतात, जाडी वाढते, पण तंतू शाबूत असतात. या टप्प्यावर ओझं कमी केलं तर सगळं पूर्ववत होऊ शकतं. ओझं तसंच राहिलं तर दुरुस्तीचा प्रयत्न सुरू होतो आणि तो फसत जातो. तंतूंची रांग मोडते, रक्तवाहिन्या आणि त्यांच्यासोबत मज्जातंतू आत शिरतात. शेवटच्या टप्प्यात काही भाग निकामी होतो, तिथल्या पेशी मरतात आणि तो भाग पूर्वीसारखा होणं अवघड असतं. एकाच कंडरेत चांगला आणि निकामी भाग शेजारी शेजारी नांदतात, आणि चांगला भाग फुगून पुन्हा पहिल्या टप्प्यात येऊ शकतो. सहा महिने ठीक असलेली टाच एका लग्नाच्या धावपळीत परत का दुखते, याचं मला पटलेलं स्पष्टीकरण हेच आहे.

मात्र झीज आणि वेदना यांचं गणित सरळ नाही. जपानमधल्या एका गावातल्या ६८३ लोकांच्या खांद्यांची सोनोग्राफी करून २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाचांतल्या एका खांद्यात कंडरा पूर्ण फाटलेली आढळली, आणि ज्यांना काहीच त्रास नव्हता अशांमध्येही असे खांदे थोडेथोडके नव्हते. म्हणून एमआरआयमध्ये ‘टेअर’ हा शब्द दिसला की काळजाचा ठोका चुकण्याचं कारण नाही, आणि तेवढ्यावरून शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याचं तर मुळीच नाही. मग दुखतं कशाने? स्वीडनच्या हाकान अल्फ्रेडसन यांच्या गटाने १९९९ मध्ये जुनाट दुखणाऱ्या अ‍ॅकिलिस कंडरेतला द्रव बारीक नळीने काढून तपासला. दाहाची खूण असलेलं प्रोस्टाग्लँडिन निरोगी कंडरेहून जास्त नव्हतं. वाढलेलं होतं ते ग्लुटामेट, म्हणजे मज्जातंतूंच्या निरोपांशी संबंधित रसायन. जुनाट दुखण्यात वेदनाशामक गोळ्या का फिक्या पडतात, हे त्यावरून बरंच उमगतं.

पण लंबक दुसऱ्या टोकालाही नेऊ नये. दाह अजिबात नसतो, असं काही वर्षं ठासून सांगितलं गेलं. पुढे ग्लासगोचे नील मिलर आणि ऑक्सफर्डच्या स्टेफनी डेकिन यांच्या अभ्यासांत, विशेषतः आजाराच्या सुरुवातीच्या काळात, दाहाच्या पेशी आणि रेणू सापडले. कंडरेच्या पेशी एकदा दाहाला सामोऱ्या गेल्या की पुढच्या ताणाला अधिक चिडून प्रतिसाद देतात, असंही दिसू लागलं आहे. आज जाणकारांचा कल असा की, दाह असतो, पण लाल, गरम, सुजलेल्या जखमेसारखा नव्हे. तो झिजेच्या सोबतीने मंद चालू असतो, आणि फक्त त्याच्यावर औषध मारून मूळ बिघाड सुधारत नाही.

ताणाइतकीच दुर्लक्षिलेली गोष्ट म्हणजे दाब. कंडरा हाडाला जिथे चिकटते त्या टोकाजवळ ती हाडाच्या उंचवट्यावर दाबली जाते. टाच खाली झुकवून पोटरी ताणली की टाचेच्या हाडावर, एका कुशीवर पाय आडवा टाकून झोपलं की कमरेच्या बाजूच्या हाडावर. ताण आणि दाब एकत्र आले की बिघाड वेगाने होतो. त्यामुळे टाचेच्या अगदी हाडावर दुखत असताना पायरीच्या कडेवर उभं राहून पोटरी ताणण्याचा सल्ला कित्येकांचं दुखणं वाढवतो. हा व्यायाम ज्याला त्याला सांगितला जातो. दुखरी जागा हाडावर आहे की तीन-चार बोटं वर, एवढं पाहूनच तो द्यायला हवा.

हे दुखणं कुणाला होतं, या प्रश्नावर आपल्याकडे खेळाडूंची नावं चटकन आठवतात. २००४ मध्ये सचिन तेंडुलकरच्या कोपराने अख्ख्या महाराष्ट्राला टेनिस एल्बो हा शब्द शिकवला, आणि मे २००५ मध्ये लंडनला त्याची शस्त्रक्रिया झाली. मोहम्मद शमीच्या टाचेच्या कंडरेवर फेब्रुवारी २०२४ मध्ये अशीच तिथे शस्त्रक्रिया झाली. पण टेनिस एल्बोचे बहुसंख्य रुग्ण टेनिस खेळणारे नसतात. ते स्क्रू पिळणारे सुतार, छत रंगवणारे रंगारी, दिवसभर कात्री चालवणारे शिंपी आणि धुणं पिळणाऱ्या बाया असतात. घट्ट पकड, तीच हालचाल वारंवार, आणि वाकडं मनगट किंवा डोक्यावर उचललेला हात. या गोष्टी एकत्र आल्या की धोका वाढतो.

या तिन्ही गोष्टी पुरेपूर असलेलं काम पाहायचं असेल तर उसाचा फड पाहावा. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘एक कोयता’ म्हणून मोजतात. बुडख्याशी वाकून कोयत्याचा घाव, पाचट साळण्यासाठी मनगटाचा झटका, मोळी बांधताना आवळलेली मूठ, मग मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरणं. मजुरी टनावर, उचल आधीच घेतलेली, आणि एक दिवस चुकला तर ‘खाडा’ म्हणून पैसे कापले जाणार. कंडरेला दुरुस्तीसाठी दोन-तीन दिवस लागतात हे शास्त्र त्या फडात लागू करायला जागाच नाही. कोयत्याची मूठ, मोळीचं वजन, मधली विश्रांती यांचा विचार हा कंडरेच्या उपचाराचाच भाग आहे, आणि तो दवाखान्यात होऊ शकत नाही. तो कारखाने आणि मुकादमांच्या करारातच व्हायला हवा.

शहरातली गत वेगळी. तिथे कमी काम आणि मधूनच फार काम अशी रीत असते. पावसाळाभर खुर्चीत बसायचं आणि जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी दिवाळीनंतर एकदम अंतर वाढवायचं. स्नायू काही आठवड्यांत तयारीला लागतो, दम वाढतो, धावणाऱ्याला जमतंय असं वाटतं. कंडरा मागे राहते.

आता दुसरी बाजू. तेच काम करणाऱ्या दोघांपैकी एकाचीच कंडरा का बिघडते? काही वाटा आनुवंशिक आहे. केपटाऊनच्या संशोधकांनी कोलॅजेनशी निगडित जनुकांमधले फरक आणि अ‍ॅकिलिस कंडरेचे विकार यांचा संबंध दाखवला. पण आपल्या देशात सर्वांत आधी विचारायला हवी ती साखर. रक्तातली जास्तीची साखर कोलॅजेनला चिकटते, तंतूंमध्ये नको ते सांधे तयार करते, कंडरा ताठर होते आणि दुरुस्ती मंदावते. मधुमेह्यांमध्ये खांदा धरणं आणि बोट अडकणं ही दुखणी इतरांपेक्षा बरीच अधिक आढळतात. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या मधुमेह्यांची संख्या १० कोटींवर गेली. पन्नाशीच्या आत-बाहेरचा माणूस खांदा किंवा बोट दुखतं म्हणून आला आणि साखर न तपासता इंजेक्शन घेऊन गेला, हे मला अक्षम्य वाटतं. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने साखर आणखी चढते, हे वेगळंच.

कोलेस्टेरॉल जन्मतःच फार जास्त असलेल्या घराण्यांत टाचेमागची कंडरा जाड आणि गाठाळ होते. तरुण मुलाची टाच सकाळी तासभर आखडलेली राहत असेल आणि सोबत कंबरही धरत असेल, तर तो सांध्यांचा दाहक आजार असू शकतो, आणि तिथे दाहावरचं औषधच खरं. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटतं. त्या वयात कमरेच्या बाजूचं, जिना चढताना आणि कुशीवर झोपताना होणारं दुखणं स्त्रियांमध्ये विशेष दिसतं, आणि पुष्कळदा ‘गुडघ्याचंच वर आलंय’ किंवा ‘सायटिका’ म्हणून भलत्याच उपचारांवर ढकललं जातं.

औषधांचं एक प्रकरण तर सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं आहे. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन या गटातली प्रतिजैविकं कंडरेला इजा करू शकतात, कधी गोळ्या सुरू केल्यावर काही दिवसांतच. २००८ साली अमेरिकेच्या एफडीएने त्यांच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. साठीपुढचं वय, स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा अवयव प्रत्यारोपण असेल तर धोका आणखी वाढतो. आपल्याकडे जुलाब लागले की यातली गोळी दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळते. अशी गोळी घेताना टाच दुखू लागली तर धावपळ थांबवून लगेच डॉक्टरांना सांगायचं. स्तनाच्या कर्करोगानंतर दिल्या जाणाऱ्या लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनीही हातांच्या कंडरा दुखतात. तिथे गोळी मनाने बंद करू नये, पण दुखण्याचं कारण बाईला कळायला हवं.

अंगठ्याच्या मुळाशी होणारं दुखणं थोडं निराळं. स्वित्झर्लंडचे शल्यविशारद फ्रिट्झ द कर्व्हां यांनी १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं. अंगठ्याच्या दोन कंडरा मनगटापाशी एका अरुंद नळीतून जातात. त्या नळीचं अस्तर जाड होतं आणि कंडरा घासतात. बाळंतिणींमध्ये हे फार दिसतं. बाळाला काखेत धरून उचलताना अंगठे पसरलेले असतात, त्यांच्यावरच सगळं वजन येतं, आणि हे दिवसातून कितीतरी वेळा, अपुऱ्या झोपेत. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीच्या बाजूला झुकवलं की जीव कळवळतो. बाळाच्या बुडाखाली तळवा घालून उचलायला शिकवणं आणि अंगठ्याला आधाराचा पट्टा देणं, एवढ्याने पुष्कळजणींना उतार पडतो. इथे बिघाड नळीच्या अस्तराचा असल्यामुळे स्टेरॉइडचं इंजेक्शनही बहुधा चांगलं काम करतं. अडकणाऱ्या बोटाचंही तसंच.

कोपराची गोष्ट मात्र उलटी. ब्रिस्बेनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये टेनिस एल्बोच्या रुग्णांवरचा अभ्यास मांडला. स्टेरॉइड दिलेल्यांपैकी ८३ टक्के वर्षभराने बरे होते, नुसतं सलाइनचं इंजेक्शन दिलेल्यांपैकी ९६ टक्के. पहिल्या काही आठवड्यांत स्टेरॉइडने बरं वाटतं, माणूस पूर्वीसारखा कामाला लागतो, आणि दुखणं परत येतं. खांद्यात हाड तासून कंडरेला जागा करून देण्याची शस्त्रक्रिया १९७२ मधल्या चार्ल्स नीर यांच्या मांडणीवर उभी राहिली आणि जगभर लाखोंनी झाली. २०१८ मध्ये ब्रिटन आणि फिनलंडमधल्या दोन अभ्यासांनी तिची तुलना नुसती दुर्बीण घालून हाडाला हात न लावता बाहेर काढण्याशी केली. फरक पडल्यासारखा दिसला नाही. स्वतःच्या रक्तातून काढलेल्या पीआरपीची जाहिरात आज पुण्या-मुंबईत जोरात आहे. अ‍ॅकिलिस कंडरेच्या मधल्या भागासाठी तरी २०१० आणि २०२१ च्या चाचण्यांत ती खोट्या इंजेक्शनाहून सरस ठरली नाही. एवढे पैसे मोजायला लावण्याइतका पुरावा तिच्यामागे नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

सर्वांत टिकाऊ उपाय ओझ्यातूनच निघाला. अल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये शस्त्रक्रियेच्या उंबरठ्यावरच्या १५ धावपटूंना बारा आठवडे, दिवसातून दोनदा, वजन घेऊन टाच सावकाश खाली नेण्याचा व्यायाम दिला. दुखलं तरी थांबायचं नाही, असा दंडक होता. सगळे धावण्याकडे परतले. पुढे डेन्मार्कमधल्या अभ्यासांत आठवड्यातून तीनदा, जड वजनाने, अगदी संथ केलेला व्यायामही तितकाच उपयोगी ठरला. तो नोकरदाराला झेपणारा आहे. दुखणं दहापैकी पाचाच्या आत राहत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निवत असेल तर धावणंही बंद करावं लागत नाही, हे स्वीडनमधल्या कारिन सिल्बरनागेल यांनी दाखवून दिलं. संपूर्ण आरामाने दुखणं कमी होतं, पण कंडरा आणखी दुबळी होते आणि पहिल्याच कामाला पुन्हा बोंब मारते.

म्हणून कंडरेचं दुखणं घेऊन डॉक्टरांकडे जाल तेव्हा गेल्या दोन महिन्यांत कामात, व्यायामात किंवा गोळ्यांत काय बदललं ते आठवून जा, साखर तपासून घ्या आणि व्यायामाला निदान बारा आठवडे द्या. एका बाबतीत मात्र थांबू नका. चालता-धावताना टाचेमागे मागून कुणी लाथ मारल्यासारखा फटका बसला आणि त्या एका पायाच्या चवड्यावर उभं राहता आलं नाही, तर कंडरा तुटली असण्याची दाट शक्यता आहे. पालथं झोपवून पोटरी दाबली की पाऊल हलतं का, हे पाहायला डॉक्टरांना अर्धं मिनिट पुरतं. ‘मुरगळलं असेल’ म्हणून लेप लावत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.